डेस्कटॉप संगणकावरील स्थाननिश्चिती आणि गोपनीयता

संगणक कुठे आहे हे ठरवून ती माहिती अ‍ॅप आणि संकेतस्थळांना पुरवणारी ऑपरेटिंग सिस्टिममधील सोय म्हणजे लोकेशन सेवा. विंडोज ७ आणि मॅक ओएस एक्स स्नो लेपर्ड या दोन्ही आवृत्त्या २००९ मध्ये आल्या आणि दोन्हींत ही सोय सिस्टिमचाच भाग म्हणून आली. लिनक्सवर हे काम जिओक्लू नावाची पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते. तिन्हीकडे सेटिंग्जमध्ये लोकेशनचे एक बटण असते. ते बंद केले की संगणकाचा ठावठिकाणा कुणालाच कळत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज व अविश्वास तिथूनच सुरू होतात.

ठिकाण कसे कळते

बहुतेक लॅपटॉप आणि डेस्कटॉपमध्ये जीपीएस चिप नसते. वाय-फाय कार्ड मात्र असते आणि बऱ्याचदा तेवढे पुरते. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपला ४८ बिटांचा क्रमांक, म्हणजे बीएसएसआयडी, हवेत सोडत असतो. त्या राउटरला जोडलेले नसतानाही संगणक तो ऐकू शकतो. लोकेशन सेवा असे ऐकू आलेले क्रमांक आणि प्रत्येकाच्या सिग्नलची तीव्रता यांची यादी करून सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. त्या सर्व्हरकडे कोणता राउटर कुठे आहे याचा मोठा साठा असतो. त्यावरून अक्षांश, रेखांश आणि अचूकतेची त्रिज्या मीटरमध्ये परत येते. याचा अर्थ असा की ठिकाण विचारणाऱ्या अ‍ॅपला ते कळण्याआधीच सर्व्हर चालवणाऱ्याला कळलेले असते. परवानगीच्या चौकटीत फक्त अ‍ॅपचे नाव दिसते, सर्व्हर चालवणाऱ्याचे नाव तिथे नसते.

ही पद्धत दाट वस्तीत चांगली चालते, पण ती अडते कुठे हे माहीत असलेले बरे. एकच राउटर ऐकू येत असेल तर बहुतेक सेवा उत्तर देत नाहीत, कारण एका क्रमांकावरून ठिकाण सांगितले तर कुणाचाही राउटर शोधून काढता येईल. घर बदलताना राउटर सोबत नेला आणि नव्या जागी शेजारी इतर राउटर कमी असले, तर साठा ताजा होईपर्यंत नकाशा जुनाच पत्ता दाखवतो. आभासी यंत्रात (संगणकातच सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात) किंवा फक्त केबलने जोडलेल्या, वाय-फाय कार्ड नसलेल्या संगणकात यादीच तयार होत नाही. मग उरतो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक, आणि त्यावरून फार तर शहर कळते. कित्येकदा तेही चुकते, कारण पत्ता इंटरनेट कंपनीच्या दुसऱ्या गावातील केंद्रावर नोंदलेला असतो.

व्हीपीएन वापरणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय. तिच्यामुळे आयपी पत्ता बदलतो, पण खोलीत ऐकू येणारे राउटर तेच राहतात. ब्राउझरला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर व्हीपीएन दुसऱ्या खंडातला असला तरी संकेतस्थळाला खरी गल्ली मिळते.

बटण काय बंद करते

लोकेशनचे बटण ऑपरेटिंग सिस्टिमची ‘मी कुठे आहे’ ही तयार सेवा बंद करते. त्या सेवेमागचा कच्चा माल त्याने आपोआप बंद होत नाही. विंडोजवर बराच काळ कुठलाही साधा डेस्कटॉप प्रोग्राम जवळच्या वाय-फायची यादी थेट मागू शकत होता आणि ती कुठल्याही सर्व्हरकडे पाठवून ठिकाण काढू शकत होता. त्याला लोकेशनची परवानगी लागतच नव्हती. लोकेशन बंद असले तरी डेस्कटॉप अ‍ॅप इतर मार्गांनी ठिकाण ठरवू शकतात, हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानावरही लिहिलेले आहे.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने हे छिद्र बऱ्याच अंशी बुजवले. आता वाय-फायची यादी किंवा बीएसएसआयडी मागणाऱ्या प्रोग्रामलाही लोकेशनची परवानगी लागते. नेटवर्क तपासण्याची नेहमीची कमांड चालवली तरी ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर येते आणि लोकेशन चालू करण्याची सूचना दिसते. मॅकओएसवरही लोकेशनची परवानगी नसलेल्या अ‍ॅपला जोडलेल्या वाय-फायचे नाव मिळत नाही. हे पाहून अनेकांना वाटते की नेटवर्कचे साधन आपला माग काढू लागले. वस्तुस्थिती उलट आहे. आधी न विचारता घेता येत असलेली गोष्ट आता विचारून घ्यावी लागते. चौकटीत एवढे एक वाक्य जोडले असते तर बराच संशय टळला असता.

लिनक्सवरील अडचण वेगळी आहे. जिओक्लूकडे ठिकाण मागताना अ‍ॅप आपली ओळख स्वतःच सांगते. फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त पद्धतीने बसवलेल्या अ‍ॅपची ओळख तपासता येते. नेहमीच्या पद्धतीने बसवलेला प्रोग्राम मात्र दुसऱ्याचे नाव सांगू शकतो. म्हणून ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधील अ‍ॅपनिहाय बटणांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ठिकाण अजिबात नको असेल तर जिओक्लूची सेवाच सिस्टमडीमधून (लिनक्सवरील सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेतून) मास्क करणे, म्हणजे ती सुरूच होऊ न देणे, हा खात्रीचा उपाय आहे. वाय-फायची यादी कोणत्या सर्व्हरकडे जाते हे तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील वाय-फायच्या विभागात उघड लिहिलेले असते आणि ते बदलताही येते. ही पारदर्शकता इतर दोन सिस्टिममध्ये नाही. बरीच वर्षे जिओक्लूच्या या फाइलमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या लोकेशन सेवेचा पत्ता असे. ती सेवा जून २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांच्या फाइलमध्ये जुनाच पत्ता राहिला त्यांच्याकडे वाय-फायवरून ठिकाण कळणे थांबले, तेही कसलाही संदेश न दाखवता. जिओक्लूने पुढे बीकनडीबी या तशाच दुसऱ्या सेवेचा पत्ता घेतला.

परवानगीविना मिळणारे ठिकाण

उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या इन्स्टॉलरमध्ये टाइम झोनचा नकाशा उघडताच आपल्या भागातले शहर आधीच निवडलेले दिसते. परवानगी कुणी मागितलेली नसते, त्यामुळे लोक दचकतात. तिथे वाय-फाय तपासलेले नसते. संगणक उबुंटूच्या एका सर्व्हरला विचारतो आणि तो आलेल्या आयपी पत्त्यावरून अंदाज सांगतो. टाइम झोन निवडण्यापुरता तो अंदाज निरुपद्रवी आहे, पण विचारल्याशिवाय दाखवलेले शहर विश्वास कमी करते हेही खरे.

तिन्ही सिस्टिम इंटरनेट चालू आहे का हे पाहण्यासाठी आपापल्या सर्व्हरला छोटी विनंती पाठवतात. उबुंटूवर ती साधारणतः दर ३०० सेकंदांनी जाते. तिच्यात ठिकाण नसते, पण तिच्यासोबत आयपी पत्ता सर्व्हरला कळतोच. लोकेशनच्या बटणाचा तिच्याशी काही संबंध नाही. लिनक्सवर नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये ही तपासणी वेगळी बंद करावी लागते.

खात्याच्या पातळीवरचा साठा हा आणखी स्वतंत्र विषय आहे. गुगलमध्ये लोकेशन हिस्ट्री बंद केली तरी वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी या दुसऱ्या सेटिंगमधून ठिकाणे साठत होती. हे २०१८ मध्ये उघड झाले आणि २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. एका नावाचे बटण बंद केल्यावर त्या नावाची गोष्ट थांबलीच पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे.

राउटरच्या मालकाची बाजू

संगणक न वापरणाऱ्याचा राउटरही या साठ्यांत असतो. २०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अ‍ॅपलच्या सेवेला एका राउटरबद्दल विचारले तरी ती आसपासच्या ४०० पर्यंत राउटरांची स्थाने देते. त्या मार्गाने त्यांनी जगभरातील २ अब्जांहून अधिक राउटरांची स्थाने गोळा केली. प्रवासात सोबत नेलेला राउटर अशा साठ्यात माणसाच्या स्थलांतराची नोंद बनतो.

साठ्यातून बाहेर पडण्यासाठी वाय-फायच्या नावाच्या शेवटी रोमन लहान अक्षरांत अंडरस्कोअर आणि ‘नोमॅप’ जोडावे. गुगल ही खूण २०११ पासून पाळते, अ‍ॅपल २०२४ पासून. मायक्रोसॉफ्टसाठी अंडरस्कोअर आणि ‘ऑप्टआउट’ लागते आणि ते नावात कुठेही चालते. म्हणून दोन्ही हवे असतील तर ‘ऑप्टआउट’ आधी आणि ‘नोमॅप’ अगदी शेवटी ठेवावे. नाव बदलल्यावर घरातली सगळी उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

तपासणी

विंडोजमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखालील लोकेशनच्या पानावर अलीकडे कोणत्या अ‍ॅपने ठिकाण घेतले याची यादी मिळते. मॅकवर याच नावाच्या विभागात गेल्या २४ तासांत ठिकाण घेतलेल्या अ‍ॅपपुढे बाण दिसतो. यादीच्या तळाशी सिस्टिम सर्व्हिसेसचा तपशील उघडून तिथले मेनूबारमधील चिन्हाचे बटण चालू करावे, नाहीतर सिस्टिमने स्वतः ठिकाण घेतल्याची खूण मेनूबारमध्ये दिसत नाही. ब्राउझरची परवानगी संकेतस्थळानुसार वेगळी असते आणि ती ब्राउझरच्या सेटिंग्जमध्येच काढावी लागते. क्रोम २०१६ पासून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या पानांना ठिकाण देत नाही.

लोकेशन पूर्ण बंद केल्यावर काही सोयी बिघडतात. सूर्यास्ताला पडदा पिवळसर करणारी सोय चुकीच्या वेळी चालू होते किंवा होतच नाही. तिथे सुरू आणि बंद होण्याची वेळ हाताने भरता येते. टाइम झोनही हाताने निवडावा. हरवलेला लॅपटॉप शोधण्याची सोय मात्र लोकेशनशिवाय चालत नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने सिस्टिमची लोकेशन सेवा चालू ठेवून अ‍ॅपनिहाय परवानग्या एकेक करून काढणे जास्त सोयीचे.