लालकंधारीसाठी राष्ट्रीय गोपालरत्न पुरस्कार: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

देशी गुरांच्या संवर्धनासाठीच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनअंतर्गत केंद्राचा पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग २०२१ पासून दरवर्षी राष्ट्रीय गोपालरत्न पुरस्कार देतो. देशी गाय किंवा म्हैस पाळणारा शेतकरी, कृत्रिम रेतन तंत्रज्ञ आणि दूध संस्था असे त्याचे तीन गट आहेत. शेतकरी गटात पहिलं बक्षीस ५ लाख, दुसरं ३ लाख आणि तिसरं २ लाख रुपये. वितरण २६ नोव्हेंबरला, राष्ट्रीय दुग्ध दिनी होतं. मराठवाड्यातल्या लालकंधारी आणि देवणी या दोन्ही गायी नोंदणीकृत जाती असल्याने त्यांचे पाळणारे यात बसतात. ही माहिती लालकंधारीपुरती आहे, कारण जातीच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ तिच्याच अर्जात होतो.

पात्रतेत मुख्य अट एकच: गायी नोंदणीकृत देशी जातीच्या हव्यात. संकरित जनावर दावणीला असलं तर काही बिघडत नाही, पण ते देशी गायींच्या संख्येत धरू नका.

लालकंधारीचं मूळ नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, मुखेड, लोहा, बिलोली या पट्ट्यात आहे. तिथून ती अहमदपूर, परभणी, हिंगोलीकडे पसरली. कंधारच्या सोमदेवराय राजाने चौथ्या शतकात या गुरांना आश्रय दिला, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही घोड्यांच्या बाजाराइतकीच लालकंधारीच्या वळूंची चर्चा असते.

जात ओळखताना नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. रंग सर्वांगाला एकसारखा, गडद लाल हवा. काही जनावरांत तो फिकट लालापासून तपकिरीपर्यंत जातो आणि वळू गायीपेक्षा गडद असतो. कपाळ रुंद, डोळ्यांच्या मध्ये किंचित फुगीर. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. कान लांब, बाजूला झुकलेले. शिंगं मध्यम आणि दोन्हीकडे सारखी वळलेली. बांधा मध्यम पण घट्ट असतो. अंगावर पांढरे ठिपके किंवा डाग असतील, कपाळ घुमटासारखं पुढे आलं असेल आणि कान पानासारखे मुडपलेले असतील, तर गीरचं रक्त आलंय असं समजा. पोळी (गळ्याखालची कातडी) फार लोंबती आणि कातडी सैल असेल तर साहिवालची शंका घ्यावी. वशिंड नावालाच असेल तर जर्सीचा संकर आहे.

ही सरमिसळ बहुतेक वेळा रेतनातच होते. गाय माजावर आली की जी कांडी (वळूच्या गोठवलेल्या रेताची बारीक नळी) मिळेल ती भरली जाते, आणि ती गीरची असली तर होणारी कालवड लाल असूनही लालकंधारी राहत नाही. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो रेतन करणाऱ्याकडून आपल्या वहीत, गायीच्या टॅग क्रमांकासमोर लिहून घ्या. नैसर्गिक पैदास करत असाल तर वळूची स्वतःच्याच मुलींशी गाठ पडू देऊ नका. त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याआधी तो बदलावा. साधारण तीन वर्षांत ही वेळ येते. जवळच्या नात्यातल्या पैदाशीने वासरं अशक्त होतात आणि गायी उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात.

आता कागदपत्रं. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक, सातबारा ही नेहमीची कागदं सगळ्यांकडे असतात. अर्ज अडतो तो जनावरांच्या नोंदीवर.

प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी पिवळा टॅग हवा आणि त्या क्रमांकाची नोंद भारत पशुधन या जनावरांच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत हवी. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीच करता येत नाही, त्यामुळे टॅग बहुतेकांकडे आहे. पण टॅगमागची नोंद बरोबर आहे की नाही, हे फार थोडे जण बघतात. गावात टॅगिंगची मोहीम घाईत होते तेव्हा जातीच्या रकान्यात ‘गावठी’ किंवा ‘संकरित’ पडतं. बाजारातून घेतलेली गाय जुन्या मालकाच्याच नावावर राहते. घरातली गाय वडिलांच्या नावावर आणि अर्ज मुलाच्या नावाने, हेही सर्रास होतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन प्रत्येक टॅग क्रमांकावर मालकाचं नाव, जात, वय आणि वेत (गाय कितव्यांदा व्यायली ते) तपासून घ्या. जात दुरुस्त करायची असेल तर डॉक्टरांना जनावर प्रत्यक्ष दाखवावं लागतं. टॅग पडला असेल तर नवीन मारून घेताना जुना क्रमांक सांगायला विसरू नका, नाहीतर आधीचं लसीकरण आणि रेतन त्या गायीच्या नावावर दिसणारच नाही. हे काम अर्ज सुरू होण्याच्या निदान दोन महिने आधी करावं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुधाची वही. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचं दूध गायवार वेगळं मोजा. समजा सकाळी २.१ लिटर आणि संध्याकाळी १.७ लिटर मिळालं, तर दिवसाचे ३.८ लिटर, म्हणजे त्या ३० दिवसांचे ११४ लिटर. किलोत हवं असेल तर १.०३ ने गुणा, साधारण ११७ किलो होतात. वेत संपेपर्यंत, म्हणजे गाय आटेपर्यंत, महिनेवार बेरीज करत गेलं की वेताचं दूध निघतं. लालकंधारी वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासराने प्यायलेलं दूध मोजलेल्या आकड्यात मिळवू नका. ‘एक सड वासराला’ एवढं शेजारी लिहा.

इथे फुगवून लिहिण्याचा मोह होतो आणि तिथेच अर्ज कच्चा पडतो. लालकंधारीची वेताची सरासरी सुमारे ६०० किलो, फॅट साडेचार टक्क्यांच्या आसपास. चांगल्या निगराणीतली गाय हजाराच्या पुढे जाते. पण कुणी वेताला तीन हजार लिटर लिहिलं तर तपासणाऱ्याला पहिली शंका जातीवरच येते. खरे, वहीत तारखेनिशी असलेले आकडे लिहा. संस्थेला दूध घालत असाल तर त्या पावत्या सोबत ठेवा, त्यांवरून वहीतले आकडे पडताळता येतात.

लसीकरणात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच दिली जाते. या सगळ्याची नोंद टॅगवर चढली आहे ना ते बघा. गोठ्याचे, मुरघासाच्या खड्ड्याचे, गांडूळखताचे किंवा गोबरगॅसचे फोटो दिवसाउजेडी काढा. गायीचे फोटो काढताना एक पूर्ण बाजूचा, एक चेहऱ्याचा आणि एक टॅगचे आकडे वाचता येतील असा घ्या.

अर्ज फक्त ऑनलाइन, केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन इथे भरायचा. साधारण जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान खिडकी उघडते. नेमक्या तारखा आणि त्या वर्षीची कागदपत्रांची यादी विभागाच्या सूचनेत येते, ती आधी पूर्ण वाचा. मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने नोंदणी करून शेतकऱ्यांचा गट निवडावा. माहिती आधी कागदावर उतरवून मगच भरायला बसा. अंतिम सादर करण्याआधी टॅगचे बाराही अंक एकेक करून वाचून घ्या, कारण नंतर दुरुस्ती होत नाही. शेवटच्या दिवसांत पोर्टल संथ चालतं आणि फोटो चढत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी उरकावं. सीएससी (सामान्य सेवा) केंद्रातून भरत असाल तर मोबाईल क्रमांक केंद्रवाल्याचा नाही, स्वतःचाच द्या. पुढचे सगळे निरोप त्याच क्रमांकावर येतात.

सादर केल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा. छाननीत अर्ज पुढे गेला तर गोठ्याची प्रत्यक्ष पडताळणी होऊ शकते, त्यामुळे निकाल लागेपर्यंत अर्जातली गाय विकू नका. विकावीच लागली, मेली किंवा नवीन वासरू झालं, तर ती नोंद त्याच आठवड्यात दवाखान्यात करून घ्या.