जेल लावलं तरी शेजारी येतातच

ड्रमसेटमधल्या स्नेअरच्या (कडक ‘टाक्’ वाजणाऱ्या ड्रमच्या) कडेला चिकटवायचा जेलचा तुकडा आणि हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर, ठेवायचं रबरी म्यूट पॅड, दोन्हींबद्दल लोक एकच वाक्य बोलतात: ‘याने आवाज कमी होतो.’ मीही त्याच वाक्यावर विसंबून आधी जेल आणलं. चार तुकडे लावले, ड्रम छान वाजायला लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका दारात उभे!

स्नेअरवर एकच ठोका मारून कान द्या. आधी ‘टाक्’, मग मागे रेंगाळणारा ‘ऊंऽऽ’. जेल कापतं ते हे शेपूट. ‘टाक्’ जवळपास तेवढाच राहतो, आणि भिंतीपलीकडे त्रास होतो तो मुख्यतः त्याचाच. आवाज साधारण 10 डेसिबलने उतरला तर कानाला तो निम्मा वाटतो; कडेच्या एका तुकड्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. मात्र छोट्या खोलीत टॉम (सेटमधले घुमणारे इतर ड्रम) नको तितके घुमत असतील, तर जेलसारखा सोपा उपाय नाही. एकच तुकडा रिमलगत, म्हणजे कडेच्या कड्यालगत, लावा. मध्याकडे सरकवाल तसा ड्रम जास्त दबतो. त्याआधी हेड ताणणाऱ्या प्रत्येक बोल्टजवळ हेडवर हलकं टकटक करून सूर सारखा आहे का बघा. निम्म्या वेळा दोष ताणात असतो आणि आपण उगाच जेल चिकटवत बसतो. जेल नसेल तर टिश्यूची घडी टेपने लावा, काम तेच.

म्यूट पॅड जवळजवळ अख्खं हेड झाकतं. ठोकाच दबतो, आणि त्यासोबत ड्रमचा स्वरही जातो. उरतो ‘थप्’. जाळीचं हेड वेगळं: मूळ हेड काढून ते बसवायचं, हवा जाळीतून निघून जाते म्हणून आवाज फारच कमी होतो. पण त्यावर काठी जरा जास्तच उसळते. महिनाभर फक्त जाळीवर वाजवून खऱ्या हेडवर आलात, की डबल स्ट्रोक (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके) अचानक जड वाटतात. रबरावर हळू आणि जोरात यांतला फरकही नीट कळत नाही. म्हणून पॅडवर मी हातांचा व्यायाम करतो. ड्रमचा आवाज कसा निघतोय हे त्यावरून ठरवत नाही.

जेल आणि पॅड यांच्या मधलं एक फुकटचं साधन म्हणजे फडकं. बीटल्स या बँडच्या नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा ड्रमर रिंगो स्टारने ड्रमवर भांडी पुसायची फडकी टाकली होती. तो दबका, जाड ‘धप्’ त्यांना मुद्दाम हवा होता. आवाजही थोडा उतरतो, पण शेजाऱ्यांसाठी तो पुरेसा नाही.

पायाच्या पेडलने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमला मात्र यांतलं एकही पुरत नाही. आत उशी कोंबली की घुमणं जातं, पण पेडलचा दणका जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचतोच. काकांची खरी तक्रार तीच होती, हे मला चार तुकडे जेल वाया घालवल्यावर कळलं.