एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती: कोणती ठेवावी, कोणती काढावी
घरी मीडिया सर्व्हर बसवलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मीडिया सर्व्हरवर, म्हणजे घरातले चित्रपट साठवून टीव्हीवर दाखवणाऱ्या संगणकावर, चित्रपट वाढत गेले की हार्ड डिस्क भरते, पडद्यावर एकच पोस्टर दोनदोनदा दिसू लागतं आणि आम्हाला फोन येतो, "डुप्लिकेट तेवढे उडवून द्या." हे काम आम्ही करतो, पण प्रत्येक फाइल काय आहे हे पाहिल्याशिवाय करत नाही. नाव सारखं आहे म्हणून फाइल सारखी असतेच असं नाही. एकदा पुसलेली जुनी सीडीची प्रत पुन्हा मिळेल याची खात्री तर कोणीच देऊ शकत नाही.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे तंतोतंत तीच फाइल दोन फोल्डरमध्ये असणं. जुन्या लॅपटॉपवरून एकदा कॉपी केली आणि पेनड्राइव्हवरून पुन्हा, असं बहुतेक घरांत झालेलं असतं. च्काव्का (Czkawka) किंवा ड्यूपगुरूसारखी मोफत सॉफ्टवेअर फाइलींच्या आतला मजकूर ताडून अशा जोड्या शोधतात. त्यांतली एक निर्धास्त काढावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती वेगवेगळ्या आवृत्त्यांबाबत. 'शोले' १९७५ साली प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला. ठाकूर गब्बरला ठार मारतो हा मूळ शेवट होता. प्रदर्शित प्रतीत पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. पुढे मूळ शेवटाची प्रतही लोकांपर्यंत पोहोचली. दोन्हींच्या लांबीत थोड्याच मिनिटांचा फरक आणि फाइलीचं नाव नुसतं 'शोले', तर सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने काय ओळखावं? 'मुघल-ए-आझम' १९६० चा, त्याची रंगवलेली आवृत्ती २००४ ची. सॉफ्टवेअर दोन्ही प्रती १९६० च्याच नोंदीला जोडू शकतं. कृष्णधवल प्रत 'कमी दर्जाची' समजून काढली, तर चित्रपटाचं मूळ रूपच घरातून जातं.

प्रभातच्या चित्रपटांबद्दल तर आमचा आग्रहच आहे. १९३७ चा 'कुंकू' आणि हिंदी 'दुनिया न माने' हे एकमेकांचं डबिंग नव्हे. प्रभात त्या काळात दोन्ही भाषांत स्वतंत्र चित्रीकरण करत असे. १९४१ च्या 'शेजारी'मध्ये केशवराव दाते आहेत, तर हिंदी 'पडोसी'मध्ये त्यांच्या जागी मझहर खान. अशा जोड्या दोन वेगळे चित्रपट म्हणूनच नोंदवाव्यात. कृपया एकत्र करू नका.

आता याच्या उलट एक फसगत. दोन प्रतींच्या लांबीत फरक दिसला की काहीतरी कापलं आहे असं वाटतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, पण आपल्याकडच्या पाल या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडींवर तो अनेकदा २५ फ्रेमने चालवलेला असतो. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि एकही दृश्य गेलेलं नसतं. आवाज थोडा चढा लागतो, इतकंच. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट पाहा. एकीचा २५ आणि दुसरीचा २४ किंवा २३.९७६ असेल, आणि लांबीतला फरक चार टक्क्यांच्या आसपास असेल, तर बहुधा चित्रपट तोच आहे.

मोठी फाइल म्हणजे चांगली फाइल, हाही समज सोडावा. व्हीसीडीवर चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. ते ताणून १०८०पी (फुल एचडी) केलं तर फाइल फुगते, चेहरे मात्र धूसरच राहतात. शिवाय एच.२६५ या व्हिडिओ आकसण्याच्या नव्या पद्धतीची फाइल साधारण तेवढ्याच दर्जासाठी एच.२६४ या जुन्या पद्धतीपेक्षा बरीच कमी जागा घेते. गर्दीचं दृश्य दोन्ही प्रतींत एकाच जागी थांबवून पाहावं. आमच्या मते आकड्यांपेक्षा ही परीक्षा भरवशाची.

४के एचडीआर (जास्त बारकावे आणि जास्त उजेड-रंग असलेली) प्रत असली तरी १०८०पी प्रत लगेच काढू नका. जुन्या टीव्हीवर एचडीआरचे रंग फिके पडू शकतात. मग सर्व्हरला चित्रपट चालू असतानाच रूपांतर करावं लागतं आणि छोटा सर्व्हर तिथे दमतो. मुलगा किंवा मुलगी परदेशातून तुमच्याच सर्व्हरवर चित्रपट पाहत असेल, तर तुमच्या इंटरनेटचा अपलोड वेगही आड येतो. त्यांच्यासाठी लहान प्रत हवीच.

केवळ भाषेसाठी दोन प्रती ठेवल्या असतील, म्हणजे एक तमिळ आणि एक हिंदी, तर एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने दोन्ही ऑडिओ एकाच एमकेव्ही फाइलमध्ये घालता येतात. चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही. मात्र दोन्हींचा फ्रेम रेट आणि काटछाट सारखी हवी, नाहीतर ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटतो.

ठेवायच्या प्रतींना नीट नावं दिली की निम्मा गोंधळ मिटतो. नाव, मग साध्या कंसात वर्ष, हे प्लेक्स, जेलीफिन आणि कोडी या चित्रपट लावून दाखवणाऱ्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये चालतं. प्लेक्समध्ये यापुढे महिरपी कंसात इंग्रजी एडिशन हा शब्द, जोडरेषा आणि आवृत्तीचं नाव लिहिलं की ती वेगळी दिसते. ही सोय प्लेक्स पास हे सशुल्क सदस्यत्व घेतलेल्यांनाच आहे. जेलीफिनमध्ये सगळ्या प्रती एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात. प्रत्येक फाइलीचं नाव फोल्डरच्या नावाने अक्षरन् अक्षर तसंच सुरू व्हावं, मग मोकळी जागा, जोडरेषा, मोकळी जागा आणि प्रतीची ओळख. एक जागा चुकली तरी पुन्हा दोन पोस्टर दिसतात. कोडी वापरणाऱ्यांना आवृत्त्यांची सोय २१व्या आवृत्तीपासून मिळते.

काढायच्या फाइली आम्ही थेट पुसत नाही. त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतो आणि महिनाभर तिथेच ठेवतो. त्या काळात घरातल्या ज्येष्ठांना जरूर विचारा. एखादं गाणं फक्त जुन्याच प्रतीत असल्याचं त्यांनाच आठवतं. सर्व्हरमध्ये रेड (एकच माहिती एकाहून अधिक डिस्कवर ठेवण्याची रचना) असली तरी तिला बॅकअप समजू नका. एका डिस्कवरून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते.

आम्ही चित्रपट पुरवत नाही आणि डाउनलोडही करून देत नाही. तुमच्याकडे आहे तेच लावून देतो. आम्ही येण्यापूर्वी दोन गोष्टी तयार ठेवा: घरातल्या टीव्हींचे मॉडेल क्रमांक, आणि ज्यांना अजिबात हात लावायचा नाही अशा चित्रपटांची यादी. यादी कागदावर हाताने लिहिलेली असली तरी चालेल.