गव्हाची पेंढी, पावावरचा उंदीर आणि चर्चचे आवार

सप्टेंबर सरत आला की इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये कापणीच्या सणासाठी वेदीपाशी एक भलामोठा पाव ठेवलेला दिसतो. आकार गव्हाच्या पेंढीचा. कणकेच्या लांब वळ्या शेजारी शेजारी लावून काड्या केलेल्या, मधोमध कणकेचीच वेणी घालून पेंढी बांधलेली आणि वर कात्रीने टोके उचलून एकेक लोंबी उठवलेली. भाजून तो तांबूस, चकचकीत होतो. काड्यांवरून वर चढणारा कणकेचा छोटा उंदीर मात्र त्यावर हवाच. डोळ्यांच्या जागी त्याला मनुका लावतात. धान्य घरात आले की उंदराचाही वाटा आला, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावे लागत नाही.

खिडक्यांच्या कट्ट्यांवर सफरचंदे, कांदे, मुरंब्याच्या बरण्या आणि दुधीएवढे मोठे मॅरो मांडलेले असतात. दाराजवळ एका खोक्यात शिजवलेल्या शेंगांचे डबे, पास्ता आणि चहाची पाकिटे असतात. ती फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, जायची. फलकावर सूचना असते की शनिवारी चर्चच्या आवारातले कापलेले गवत गोळा करायचे आहे, येताना दाताळे आणावे. पाव, डबे आणि दाताळे एकाच दारात आले, त्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

हा सण अनादी काळापासूनचा वाटतो, पण तसा तो नाही. आजच्या स्वरूपातल्या कापणीच्या उपासनेची सुरुवात साधारणपणे १ ऑक्टोबर १८४३ या रविवारपासून धरतात. ठिकाण कॉर्नवॉलच्या उत्तर टोकाचे मॉरवेनस्टो, कड्यांवर वसलेले आणि अटलांटिकचा वारा खाणारे गाव. रॉबर्ट स्टीफन हॉकर तिथले पाळक होते. कवी आणि मोठे विक्षिप्त गृहस्थ. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून त्यांनी कड्याच्या कडेला बांधलेली झोपडी आजही उभी आहे. बुडालेल्या खलाशांची प्रेते त्या काळी किनाऱ्यावरच कुठेतरी पुरून टाकत. हॉकर ती कड्यावरून वर आणून चर्चच्या आवारात रीतसर दफन करत. १८४२ च्या सप्टेंबरात ‘कॅलेडोनिया’ नावाचे जहाज फुटले, त्यावरच्या खलाशांना त्यांनी असेच मातीत ठेवले. त्यानंतर वर्षभराने त्यांनी गावाला बोलावले: पीक घरात आले आहे, तेव्हा नव्या गव्हाच्या पावाने प्रभुभोजन घेऊ या.

नव्या गव्हाची कल्पना त्यांनी जुन्यातून उचलली होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये १ ऑगस्टला ‘लॅमस’ असे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ‘पावाची उपासना’. पहिल्या गव्हाचा पाव चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते नवान्नच. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर ही रीत मागे पडत गेली. कापणीचा आनंद शेतात आणि खळ्यावर उरला. शेवटची गाडी सजवून आणायची, मालकाने मजुरांना जेवण घालायचे, बिअर वाहायची आणि रात्रभर गाणी चालायची.

मग १८४३ च्या सुमारासच हा सण चर्चमध्ये परत का यावा? मला यामागे दशमांशाची हकीकत मोठी वाटते. शतकानुशतके इंग्लंडमध्ये चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यावा लागे आणि अनेक ठिकाणी तो प्रत्यक्ष धान्यात वसूल होई. शेतात पेंढ्या उभ्या राहिल्या की दर दहावी पेंढी पाळकाची, नाहीतर वसुलीचा हक्क विकत घेतलेल्या माणसाची. त्याची गाडी बांधावर येऊन उभी राही आणि भांडण जुंपे. ज्या दिवशी शेतकऱ्याचे मन सगळ्यात भरलेले असावे, त्याच दिवशी चर्च त्याच्या दारात वसुलीला उभे असे. १८३६ च्या कायद्याने ही धान्यातली वसुली मोडीत निघाली आणि गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर ठरणारा पैशातला आकार आला. पुढच्या काही वर्षांत गावोगाव हे व्यवहार मिटवले गेले. पाळकाची गाडी शेतातून गेली, तेव्हाच शेतकऱ्याची पेंढी आपल्या पायांनी चर्चमध्ये येऊ शकली. हा माझा कयास आहे, पण तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की तो बळावतो.

दुसरी हकीकत सरव्याची, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या कणसांची. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात आज्ञा आहे की शेताच्या कोपऱ्यातले पीक झाडून कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावा. बायबलमधली परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच आधाराने. इंग्लंडच्या खेड्यांत मजुरांच्या बायका-मुलांचा हिवाळ्याचा पाव पुष्कळसा सरव्यातून निघे. कित्येक गावांत तर चर्चची घंटा वाजल्यावर वेचणी सुरू होई आणि संध्याकाळी घंटेनेच थांबे, म्हणजे पहाटे उठणाऱ्या धडधाकट माणसाने सगळे लुटून नेऊ नये. १७८८ मध्ये सफोक परगण्यातल्या एका खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचणे हा कायद्याने कुणाचा हक्क नाही. रीत पुढे शतकभर चालू राहिली, पण तिच्याखालची जमीन सरकली होती. १८४० च्या दशकात शेतमजुरांची उपासमार इतकी होती की त्या काळाला पुढे ‘भुकेले चाळीस’ म्हटले गेले. हॉकर यांची उपासना याच काळातली. तिच्यात आभार होते, पण गरिबाचा कोपरा कुठे, हा प्रश्न शिल्लक होता. दाराजवळचे खोके हे त्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर आहे, असे मी मानतो.

मॉरवेनस्टोनंतर सण झपाट्याने पसरला. सॉमरसेटमधल्या ईस्ट ब्रेंट गावी आर्चडीकन (वरिष्ठ पाळक) डेनिसन यांनी १८५७ मध्ये उपासना आणि गावजेवण एकत्र बांधले. तंबू ठोकायचे, माणसाहून लांब पाव खांद्यावरून मिरवत आणायचा, बायकांनी प्लम पुडिंगची मिरवणूक काढायची. हे तिथे अजून चालते. दारूबाजीला आळा घालावा, हाही पाळकांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. १८६२ मध्ये कँटरबरीच्या धर्मसभेने कापणीच्या उपासनेचा नमुना काढला. म्हणजे वीस वर्षांत एका आडगावची गोष्ट साऱ्या चर्चची झाली.

मग ही रीत जहाजात बसली. ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर म्हणजे वसंत, त्यामुळे तिथे सगळे उलटे: शरद मार्चमध्ये येतो, इस्टरच्या आगेमागे. आपल्याकडे एसपीजी या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात काम उभे केले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, ते आज अँग्लिकन कुटुंबाचे सभासद आहे. मराठी मंडळ्यांत हा कापणीचा सण पिकाच्या सोयीने होतो, इंग्लंडच्या तारखेला नव्हे. लहानपणी एका खेड्यातल्या मंडळीत पाहिलेला लिलाव डोळ्यांसमोर आहे. बाजरीची कणसे, शेंगांसकट उपटून आणलेले भुईमुगाचे वेल, पाय बांधलेली कोंबडी, अंडी, गूळ. उपासना झाली की हे सगळे पटांगणात बोलीला निघे. एक भोपळा तीनदा विकला गेला होता. ज्याने घेतला त्याने परत अर्पण केला, दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. शेवटी तो एका म्हाताऱ्या मावशींच्या पिशवीत गेला, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे सगळ्यांना न बोलता कळले होते.

वसई आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचे कॅथलिक लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद घेतात, तो आगेरा. त्याची परंपरा वेगळी, पण चर्चमध्ये नवे धान्य आणण्याची ओढ तीच.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेत लोकांपासून दूर गेले. शहरातल्या मंडळीतल्या मुलाने गव्हाचे शेत पाहिलेलेच नसे. वेदीपाशी फळांच्या जोडीला डबे येऊ लागले. कुणाला ही सणाची अवनती वाटली. मला तसे वाटत नाही, कारण डबा फूड बँकेत पोहोचतो आणि मॅरो सडतो. ट्रसेल ट्रस्टने पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत सुरू केली. आज कापणीच्या उपासनेतले अर्पण अशा केंद्रांकडे जाणे अगदी सर्रास आहे.

धान्याबद्दल आभार मानता मानता धान्य देणाऱ्या मातीची विचारपूस करणे ओघानेच यायला हवे होते, पण चर्चला त्याला वेळ लागला. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी एका निबंधात थेट आरोप केला की निसर्गावर माणसाचे प्रभुत्व सांगणारी पाश्चात्त्य ख्रिस्ती शिकवण पर्यावरणाच्या संकटाच्या मुळाशी आहे. ते स्वतः पाळकाचे चिरंजीव आणि श्रद्धावान. त्यांनीच असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानण्याचे सुचवले. पुढच्याच वर्षी जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने ठराव केला: माती राखणे, हवा, जमीन आणि समुद्र दूषित होऊ न देणे, प्राण्यांशी जबाबदारीने वागणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. १९६८ साल लक्षात घेतले तर हा ठराव धीट होता. पण तो बराच काळ कागदावर राहिला.

मोठा बदल १९९० चा. अँग्लिकन सल्लागार मंडळाने १९८४ मध्ये चर्चच्या कार्याच्या चार खुणा सांगितल्या होत्या: शुभवर्तमान सांगणे, नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवणे, गरजूंची सेवा आणि अन्यायाच्या रचना बदलणे. १९९० मध्ये वेल्समधल्या बैठकीत पाचवी जोडली, सृष्टीची अखंडता राखणे आणि पृथ्वीचे जीवन टिकवणे व नवे करणे. एवढ्याने झाडांची काळजी हा मंडळीतल्या चार हौशी लोकांचा छंद राहिला नाही, ती शुभवर्तमानाच्या पंगतीत येऊन बसली.

त्याच सुमारास दिनदर्शिकाही बदलली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. १९८९ मध्ये त्या चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, दिमित्रियोस यांनी हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा दिवस. मधले पाच आठवडे जोडून अनेक चर्चनी ‘सृष्टीचा ऋतू’ पाळायला सुरुवात केली. इंग्लंडमधले अँग्लिकन त्याला क्रिएशनटाइड म्हणतात. कापणीचा सण नेमका त्यात पडतो, म्हणून तिथे या नव्या काळाला मुळे धरायला जुनी माती आयती मिळाली. दक्षिण आफ्रिकेच्या अँग्लिकन मंडळ्यांनीही हा काळ उत्साहाने उचलला. तिथे तो वसंतात येतो, म्हणजे झाडे लावायच्या हंगामात.

ठराव बिशपांनी केले, पण काम आवारात झाले. इंग्लंडमधली कित्येक चर्चची आवारे कधी नांगरलीच गेली नाहीत. त्यांना रासायनिक खत लागले नाही, तणनाशक क्वचित. १९३० च्या दशकानंतर इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ९७ टक्के रानफुलांची कुरणे गेली. काही नांगराखाली गेली, काहींत खत पडले. थडग्यांमधली एकर-दीड एकर मात्र तशीच राहिली, मेलेल्यांच्या सोबतीने. केअरिंग फॉर गॉड्स एकर ही संस्था वेल्सच्या सीमेवरून सुरू झाली आणि या आवारांची काळजी कशी घ्यायची हे मंडळ्यांना शिकवू लागली. शिकवण साधी आहे. उन्हाळाभर गवत वाढू द्यायचे, फुलांचे बी पडू द्यायचे, मग कापायचे. कापलेले गवत तिथेच टाकायचे नाही, कारण ते कुजले की माती सकस होते आणि सकस मातीत दांडगी गवते नाजूक फुलांना मारून टाकतात. फलकावरच्या दाताळ्याचे कारण हेच. आवार अस्वच्छ ठेवले म्हणून नातेवाईकांची तक्रार येते, आणि ती खोटी नसते. आपल्या माणसाच्या थडग्यावर गवत वाढलेले कुणाला पाहवते? म्हणून शहाण्या मंडळ्या नव्या थडग्यांभोवती आणि वाटांवर गवत आखूड ठेवतात, जुना भाग सोडून देतात आणि तिथे पाटी लावतात.

अ रोशा या संस्थेचे नावही घ्यायला हवे. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ ‘खडक’. अँग्लिकन पाळक पीटर हॅरिस आणि त्यांच्या पत्नी मिरांडा यांनी १९८३ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या अभ्यासातून ती उभी केली. तिच्या ब्रिटनमधल्या शाखेने २०१६ मध्ये इको चर्च ही योजना काढली. मंडळीने उपासना, इमारत, जमीन, समाजकार्य आणि घरची राहणी यांचा स्वतः हिशेब मांडायचा आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण असे मान मिळवायचे.

२०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चर्चच्या सर्वसाधारण सिनडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे, कार्बन उत्सर्जन २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा प्रस्ताव होता. चर्चेत दुरुस्ती आली आणि साल २०३० झाले. हे म्हणणे सोपे, करणे कठीण. सुमारे १६,००० इमारती, त्यांतल्या पुष्कळशा मध्ययुगीन, जाड भिंतींच्या, आणि शरद लागला की गारठ्याने बोटे वळणाऱ्या. २०२२ च्या जुलैपासून नियम असा आहे की तेलाचा किंवा वायूचा जुना बॉयलर काढून तसाच नवा बसवायचा तर रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि दुसरा मार्ग तपासला का, हे सांगावे लागते. काही मंडळ्यांनी सगळे चर्च तापवणे सोडून बाकाखाली किंवा गादीतच ऊब देणारी विजेची सोय केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लँबेथ परिषदेने ‘कम्युनियन फॉरेस्ट’ सुरू केले: बाप्तिस्मा, दृढीकरण अशा प्रसंगी झाडे लावा, आहेत ती रानेही राखा.

शनिवारी लोक दाताळी घेऊन येतात. ओले गवत जड असते, तासाभरात कंबर धरते. ढीग कुंपणाच्या कोपऱ्यात रचतात, तिथे साळिंदरासारखा काटेरी, पण ठेंगणा हेजहॉग थंडीत झोपायला घर करतो. मग दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस पडून गेला की, आखूड गवतातून वॅक्सकॅप नावाची अळिंबी वर येते. टोप्या मेण चोळल्यासारख्या चमकतात. कुठे रक्तासारख्या लाल, कुठे शेंदरी, पिवळ्या, एक जात चक्क पोपटी. खत पडलेल्या जमिनीत ती टिकत नाही. उपासना संपते आणि माणसे चहाचे कप घेऊन बाहेर पडतात, थडग्यांमधून वाकून त्या टोप्या मोजतात आणि आकडा वहीत लिहून ठेवतात.