ढोलकी तीच, पण जलसा म्हणजे तमाशा नव्हे

ढोलकी, तुणतुणं, कडं, मागे उभे झीलकरी म्हणजे सूर धरणारे साथीदार, आणि समोर मातीत बसलेला गाव. नुसता जुना फोटो दाखवला तर तमाशाचा फड कोणता आणि आंबेडकरी जलसा, म्हणजे चळवळीचा विचार गाण्या-नाट्यातून सांगणारा खेळ, कोणता, हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. मग ‘जलसा म्हणजे तमाशाच, फक्त प्रबोधनाचा’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे बोलणं खटकतं. त्यात जलशावर अन्याय होतो आणि तमाशावरही.

सांगाडा एकच आहे, हे खरं. आधी गण म्हणजे वंदन, मग गौळण, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, लावणी आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य, ही तमाशाची बांधणी. जलशाने तीच उचलली, कारण गावाच्या कानाला तिचीच सवय होती. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत वर्तमानपत्र पोचत नाही, ढोलकी पोचते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे भीमराव महामुनींसारख्या जलसाकारांनी तो विचार खेड्यापाड्यांत नेला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी हाच साज बाबासाहेबांच्या चळवळीसाठी चढवला. (हे कर्डक आणि भीमगीतांचे वामनदादा कर्डक वेगळे. दोघेही नाशिक भागातले, त्यामुळे गल्लत होते.)

फरक पहिल्या दोन मिनिटांतच ऐकू येतो, कान फक्त गणाकडे हवेत. तमाशाचा गण गणपतीला आळवतो. सत्यशोधकांनी ‘गणपती’ची फोड ‘गणांचा पती’, म्हणजे लोकांचा पुढारी, अशी केली आणि देवाच्या जागी माणूस आणला. अण्णाभाऊ साठ्यांनी गणात मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं. पहिला मुजरा कुणाला, यावरून पुढची सगळी रात्र कुणाच्या बाजूने बोलणार ते कळतं.

गौळणीत तर दोन्ही वाटा अगदीच फुटतात. तमाशात गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दान मागतात, आणि पुरुषानेच केलेली मावशी कमरेवर हात ठेवून पुढे सरसावते. मी पाहिलेल्या एका खेळात मावशीने ‘दान कसलं, हा तर टोलनाका!’ म्हटलं आणि तिथून गाडी गावच्या रस्त्यावर, रस्त्यावरून थेट पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यांवर आली. पुढारीही हसले. हसावंच लागतं, कारण बोलणारा माणूस नाही, सोंग आहे. तमाशाचं स्वातंत्र्य हे असं सोंगाच्या आडचं. सोंगाड्या जे बोलून जातो ते तोच माणूस सकाळी पाटलाच्या ओट्यावर बोलू शकत नव्हता. शिवाय सुपारी गावाने दिलेली असते. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, जत्रेचे पंच येतात, सौदा ठरतो. पैसे मोजणाऱ्याला किती टोचायचं याचा अंदाज फडाला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

जलशात आड काहीच नाही. कृष्ण गेला, त्याच्या जागी भिक्षुकशाहीवरचे सवाल-जवाब आले. आंबेडकरी जलशात महाडचं चवदार तळं आलं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला, पोरांना शाळेत घाला हा आग्रह आला. आणि बोलणं फक्त वरच्यांना उद्देशून नव्हतं. मेलेली ढोरं ओढू नका, दारू सोडा, हे शाहीर आपल्याच वस्तीला सांगत होता. तमाशात महार-मांग कलावंत दुसऱ्यांसाठी नाचत-गात होते. जलशात तेच लोक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या माणसांशी बोलू लागले. ओळख घडते ती इथे. ‘आम्ही कोण’ याचं उत्तर गावाने द्यायचं थांबलं.

याच कारणाने जलशाने लावणी आणि नाच बाजूला ठेवला. आपल्या बायकांच्या अंगावर पैसे उधळले जाण्याचा अपमान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांचा तो निर्णय मला पूर्ण समजतो. पण त्याची किंमतही दिसते: जलशाच्या मंचावरून बाई बहुतांशी गेली. तमाशात ती होती आणि नुसती नाचत नव्हती, अख्खा फड चालवत होती. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले. तमाशाला हीन आणि जलशाला पवित्र म्हणणाऱ्यांनी विठाबाईंना कुठे बसवायचं ते सांगावं.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. तक्रार अश्लीलतेची होती; सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ साली उभं केलेलं कम्युनिस्ट चळवळीतलं लाल बावटा कलापथक हे जलशाच्याच वाटेवरचं. त्याच्यावरही बंदी आली, पण ती राजकारणापायी. एकाला ‘नीट बोला’ म्हटलं गेलं, दुसऱ्याला ‘बोलूच नका’. अण्णाभाऊंनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली ती याच काळात.

आता जलसा जुन्या रूपात फारसा दिसत नाही. वग गळून गेला आणि गायन पार्ट्या राहिल्या. माझ्या ओळखीचे एक ढोलकीवाले दोन्हीकडे वाजवतात. चैत्रात जत्रेची सुपारी असते आणि १४ एप्रिलला भीमजयंतीची. फडात त्यांची नजर बाईच्या पायांवर असते, बोल घुंगरांच्या मागे पळतात. भीमगीताला बसले की ते डोळे मिटतात आणि ढोलकीच्या शाईवरचा हात हलका करतात, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द ऐकू जावा म्हणून.