शॉकअप बदलायचं ठरवण्याआधी : पिकअप मालकांसाठी माहितीपत्रक

भरली की मागून बसते, रिकामी असली की उडते आणि घाटात वळणावर झुलते. पिकअपच्या या तिन्ही तक्रारींवर रस्त्यावर एकच इलाज ऐकायला मिळतो : "भारीतले शॉकअप टाका." आमचं वर्कशॉप आळेफाटा परिसरात आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे नारायणगावचा टोमॅटो घेऊन माळशेजमार्गे वाशीला जाणाऱ्या गाड्यांपासून हौशी फोर बाय फोरपर्यंत सगळ्या तऱ्हेच्या पिकअप आमच्याकडे येतात. या तीनपैकी वळणावरच्या झुलण्यावर शॉकअप हा खरा इलाज आहे, रिकामी उडण्यावर अर्धामुर्धा, आणि मागून बसण्यावर तो जवळजवळ काहीच करत नाही. तुमचे पैसे योग्य जागी लागावेत म्हणून हे पत्रक लिहिलं आहे.

वजन कोण पेलतं

गाडीचं वजन पाटे (एकावर एक बांधलेल्या लवचिक पोलादी पट्ट्या) पेलतात, शॉकअप नाही. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी खाली येते. ती किती खाली येणार हे पाट्यांची जाडी, संख्या, लांबी आणि त्यांची उरलेली कमान यांवर ठरतं. शॉकअपच्या आत तेलात फिरणारा पिस्टन असतो. पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा असतात, आणि दांडा आत-बाहेर होताना तेलाला त्यांतून वाट काढावी लागते. पाट्याच्या उसळीतला जोर त्या तेलात उष्णता होऊन जिरतो. खराब रस्त्यावर तासभर चालून आलेल्या गाडीच्या शॉकअपजवळ हात न्या, धग जाणवेल. चटका बसू शकतो, म्हणून धरू मात्र नका.

याचा अर्थ असा की शॉकअप हालचालीला विरोध करतो, उभ्या वजनाला नाही. गाडी उभी असताना त्याचा आधार जवळजवळ शून्य असतो. गॅसचे मोनो ट्यूब (एकाच नळीचे) शॉकअप थोडं वर ढकलतात हे खरं आहे, पण किती ते पाहा. दांडा १४ मिलिमीटर जाड आणि आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला २० किलो धरला, तर एका शॉकअपचा रेटा साधारण ३० किलो भरतो. दोन्ही बाजूंचे मिळून ६० किलो, म्हणजे टोमॅटोचे तीन क्रेट. टनभर मालापुढे त्याने गाडी उचलली जाणार नाही.

म्हणून मागून बसलेली गाडी आली की आम्ही आधी पाटे बघतो. मेन पाट्याला तडा, तुटलेला सेंटर बोल्ट, पाटे ॲक्सलला आवळणारे ढिले यू-बोल्ट, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) झिजलेले बुश, कमान जाऊन सरळ झालेले पाटे, यांतलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. पाटे पुन्हा कमान देऊन घेता येतात, पण जुन्या थकलेल्या पोलादाची कमान फार दिवस टिकत नाही. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचा पाटा ठिसूळ होतो आणि नंतर तिथेच किंवा तिच्या शेजारी तुटतो, तोही भरल्या गाडीत.

जादा पाटा टाकून मागितला तर तो टाकता येतो, पण त्याने गाडीचं पासिंग, म्हणजे आरसीवरचं मंजूर वजन, वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळं पूर्वीचंच राहतं. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त माल सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. वजनकाट्याची पावती आणि आरसी शेजारी ठेवून आम्ही हा विषय मोकळेपणाने बोलतो, कारण घाटात ब्रेक तापले की त्या गाडीत बसलेला माणूस तुमच्या घरचा असतो.

रिकामी गाडी उडते, त्याचं काय

पिकअपचे पाटे भरल्या मालाच्या हिशेबाने बनवलेले असतात. रिकाम्या गाडीला ते कडकच वाटणार. मऊ शॉकअप टाकून कडक पाटा मऊ होत नाही. इथे सगळ्यात आधी बघायची गोष्ट फुकटची आहे : टायरमधली हवा. दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी मागच्या टायरचे दाब बऱ्याचदा वेगवेगळे दिलेले असतात. भरल्या दाबावरच गाडी रिकामी परत आणली की ती उडतेच. परतीची खेप नेहमी रिकामी असेल, तर आधी हवेचा हिशेब लावा आणि मग आमच्याकडे या.

त्यानंतरही खड्ड्यातून निघाल्यावर मागचा भाग दोन-तीनदा उसळत राहत असेल, पुलाच्या सांध्यावर मागची चाकं रस्ता सोडून बाजूला सरकत असतील, ब्रेक मारताच तोंड खाली जात असेल किंवा टायर एकसारखा न झिजता टप्प्याटप्प्याने खड्डे पडल्यासारखा झिजला असेल, तर शॉकअप गेलेत. कोपरा हाताने दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धत मोटारीला ठीक आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा कोपरा हाताने फारसा दबतच नाही, आणि पाट्यांचं एकमेकांवरचं घर्षणच हालचाल थांबवतं. त्यामुळे मेलेला शॉकअपही तिथे पास होतो.

आम्ही शॉकअप काढून बाकावर उभा धरतो आणि दांडा सावकाश पूर्ण आत दाबून पूर्ण बाहेर ओढतो. चांगल्या शॉकअपला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जोर लागतो, आणि तो गॅसचा नसेल तर बाहेर ओढताना दाबण्यापेक्षा जास्त. दिशा बदलताना दांडा बोटभर मोकळा गेला आणि मग अडकला, तर तेल कमी झालं आहे किंवा झडप गेली आहे. हे आम्ही तुमच्यासमोर करतो, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने करून बघावं असा आमचा आग्रह असतो. बाहेरून नुसता तेलकट ओलसरपणा दिसला म्हणून शॉकअप बाद होत नाही. धूळ चिकटून ओघळ खालपर्यंत आला असेल, तर मात्र बाद.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर समजा ४०० किलो असतील आणि भरल्यावर १६०० किलो. वजन चौपट झालं की तोच शॉकअप त्या उसळीला निम्माच पुरा पडतो, आणि हेल्पर पाटा (माल जास्त झाल्यावरच टेकणारा जादा पाटा) टेकून पाटे कडक झाल्यावर त्याहूनही कमी. भरल्या गाडीला जोखून घेतलेला शॉकअप रिकाम्या गाडीला कडक लागतो, रिकाम्याला बरा वाटणारा भरल्या गाडीत हरतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न असा असतो : महिन्यातले किती फेरे भरून आणि किती रिकामे? उत्तर रोज बदलणारं असेल, तर बाहेरून घुंडी फिरवून कडकपणा बदलता येणारे शॉकअप खर्चाला पटतात. रोजची मालवाहतूक असेल तर ती घुंडी कोणी फिरवत नाही, धुळीने ती जाम होते, आणि तो खर्च आम्ही सुचवत नाही.

ट्विन ट्यूब की मोनो ट्यूब

ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन चालत राहतो, आणि किंमतही कमी पडते. दुबळेपणा एवढाच की सतत खराब रस्त्यावर तेल तापून त्यात हवा मिसळते, फेस होतो आणि शॉकअप तात्पुरता ढिला पडतो. नायट्रोजन भरलेला असेल तर हे बरंच उशिरा होतं. मोनो ट्यूबमध्ये गॅस आणि तेल यांच्यामध्ये सरकती चकती असते, दाब जास्त असतो, फेस होत नाही आणि एकच भिंत असल्याने उष्णताही लवकर बाहेर जाते. पण त्या एकाच भिंतीला पोचा आला की पिस्टन अडकतो. शेतातून, खडीच्या कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला आम्ही नायट्रोजनवाला ट्विन ट्यूब देतो. महामार्गावर लांबचे वेगाचे फेरे किंवा मागे ट्रेलर असेल तर मोनो ट्यूब.

पुढचं तोंड वर करायचं असेल तर

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांचे मालक ही मागणी जास्त करतात. या गाड्यांना पुढे कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) आणि मागे पाटे आहेत, आणि रिकामी असताना मागची बाजू मुद्दाम उंच ठेवलेली असते, माल पडल्यावर गाडी सपाट व्हावी म्हणून. पुढे कॉइलची बैठक वर-खाली करता येणारे शॉकअप किंवा वरून स्पेसर लावून ही उंची जुळवता येते. स्पेसर १ इंचाचा असला तरी चाकापाशी गाडी दीड ते दोन इंच उचलते, कारण शॉकअप चाक धरणाऱ्या आर्मच्या मधोमध बसतो. उचलल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही लावूनच गाडी सोडतो, या दोन कामांशिवाय आम्ही हे काम घेत नाही. फोर बाय फोरमध्ये पुढच्या एक्सलचे सांधे जास्त तिरके चालतात, म्हणून दीड-दोन इंचांपुढे आम्ही जात नाही.

आणि एक विचार आधीच करा. रिकामी असताना सपाट केलेली गाडी भरली की मागून बसणार आणि नाक आकाशाकडे जाणार. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, स्टिअरिंग हलकं पडतं. नेहमी माल नेणाऱ्याने पुढची उंची वाढवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मागची उंची वाढवताना बऱ्याच पिकअपमध्ये एक गोष्ट नजरेतून सुटते. मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक सळई असते. मागची बाजू किती दबली यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी उचलली आणि सळई तशीच सोडली, तर भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हे सेटिंग झाल्याशिवाय गाडी आमच्या दारातून बाहेर जात नाही.

मागे ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी

लग्नाच्या मांडवाला जनरेटरची ट्रॉली, कोकणात जेट्टीपर्यंत बोट, अशी कामं करणाऱ्यांनी आधी हुकवरचं वजन जोखावं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकवर असावं. ट्रेलर १,२०० किलोचा असेल तर १२० ते १८० किलो. हुक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो, त्यामुळे हे वजन तरफेसारखं पुढचं तोंड उचलतं. हुक ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर हुकवरच्या १५० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर २१० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ६० किलो कमी होतात.

सांध्यांवरून जाताना गाडी आणि ट्रेलर होडीसारखे पुढे-मागे डुलत असतील, तर चांगल्या शॉकअपने फरक लगेच कळतो. पण ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलत असेल तर दोष बहुधा मालाच्या मांडणीत असतो. वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलेलं असतं आणि हुक हलका झालेला असतो. माल पुढे सरकवा आणि वेग कमी ठेवा. त्या झुलण्यावर शॉकअप विकणं आम्हाला पटत नाही.

बसवताना

एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकत्रच बदलतो. नवा ट्विन ट्यूब उभा धरून काही वेळा आत-बाहेर करतो, म्हणजे आडव्या खोक्यात आत शिरलेली हवा निघून जाते. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळत नाही. चाकं जमिनीवर टेकवून मग आवळतो, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट उघडले असतील तर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला या, त्याचे पैसे नाहीत. पाट्यांना जळकं ऑइल मारायची सवय असेल तर शॅकल आणि शॉकअपचे रबरी बुश झाकून मारा, तेलाने रबर फुगून मऊ होतं.

नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल, तर शॉकअप किंवा उंची बदलण्याआधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

येण्याआधी घरी एक माप घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा, एकदा रिकामी असताना आणि एकदा नेहमीच्या मालासह. डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर तोही लिहून ठेवा. हा कागद, वजनकाट्याची एक पावती आणि आरसीची झेरॉक्स सोबत आणा. जमलं तर गाडी भरलेलीच आणा, म्हणजे हेल्पर पाटा कधी टेकतो ते दोघांनाही तिथल्या तिथे बघता येईल.