गंजावर गाणी कोरणारा स्टीव्ह अल्बिनी

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो'मधले ड्रम्स आठवा, ड्रमर अगदी आपल्याच खोलीत बसलाय असं वाटतं ना? १९९३ चा हा अल्बम रेकॉर्ड केला रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीने. माइक ड्रमजवळ तर लावायचाच, पण लांबही लावायचा, म्हणजे भिंतींवर आपटून आलेला आवाजही टेपवर उतरायचा. रॉयल्टी मात्र घेतली नाही, प्लंबरला देता तसे कामाचे पैसे द्या म्हणाला, विषय संपला. स्वतः पक्का रॉकवाला, आधी बिग ब्लॅक, मग शेलॅक हे त्याचे बँड, आणि गंमत बघा, बिग ब्लॅकमध्ये ड्रमरच्या जागी रोलंड कंपनीचं ड्रम मशीन होतं! १९९७ मध्ये शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ काढला आणि २०२४ मध्ये ६१ व्या वर्षी हार्ट अटॅकने जाईपर्यंत टेपवर रेकॉर्ड करणं सोडलं नाही.

टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर आयर्न ऑक्साइडचा थर, गंजाचाच भाऊबंद. माइकचा सिग्नल रेकॉर्डरच्या हेडच्या, म्हणजे टेपला टेकणाऱ्या छोट्या विद्युतचुंबकाच्या, कॉइलमधून गेला की चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि समोरून सरकणारे कण तसेच मॅग्नेटाइज होऊन बसतात. आपल्या कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंमी सरकायची, स्टुडिओतली २ इंची टेप ३८ सेंमी किंवा त्याच्या दुप्पट, त्यामुळे प्रत्येक क्षणाच्या वाट्याला भरपूर कण येतात आणि टेपची खरखर कमी होते. आवाज फारच चढला तर कण आणखी मॅग्नेटाइज होऊ शकत नाहीत, मग लहरीची टोकं हळूहळू दबतात, 'वॉर्म साउंड' म्हणतात त्यातलं बरंचसं हेच. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की टोक सरळ छाटलं जातं.

पण डिजिटल आवाजाला पायऱ्या असतात वगैरे जे सांगतात ना, ते काही खरं नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले, म्हणजे लहरीची उंची तितक्या वेळा मोजली, तर माणसाला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्झपर्यंतची लहर गुळगुळीतच परत मिळते.

अल्बिनीचा खरा मुद्दा वेगळाच होता, टिकण्याचा. सॉफ्टवेअर बदलतं, जुनी फाइल उघडत नाही, टेप मात्र कित्येक वर्षांनी मशीनवर चढवली की वाजते. मला हे बरंचसं पटतं, फक्त टेपही काही अमर नाही, कण धरून ठेवणारा चिकट थर हवेतला ओलावा शोषतो, आणि ७०-८० च्या दशकातल्या बऱ्याच टेप्स आता ओव्हनसारख्या पेटीत ५० अंशांच्या आसपास तासन् तास भाजाव्या लागतात, म्हणजे थोडे दिवस तरी नीट वाजतात आणि तेवढ्यात त्यांची डिजिटल कॉपी काढून घेता येते.